बाळसं नव्हे, आई

प्रिय आई, बाबा,

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "केमो चालू आहे म्हणजे कॅन्सरच ना?" मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. छोटू शेजारीच खेळत होता. आता झोपलाय.

आधी तुम्हाला "छोटूच्या टाळूवर खपल्या धरल्यात" एवढंच सांगत होते. आम्हालाही कितीतरी दिवस तेवढंच सांगितलं होतं, मलमं लावत बसलो. मग कानामागे मऊ टेंगूळ आलं आणि एक्स-रेत कवटीच्या हाडात, पंचने कागदाला पाडावं तसं भोक दिसलं. तिथला तुकडा तपासल्यावर नाव कळलं: लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. दहा लाख मुलांत वर्षाला जेमतेम चार-पाच जणांना होतो.

हा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, नाही. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या, खरं तर आपलं रक्षण करणाऱ्या पेशी बिघडतात, नको तिथे साठतात आणि हाड पोखरतात. हा दाहाचा आजार की कॅन्सर, यावर डॉक्टरांचाच वाद होता. २०१० मध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांच्या गाठींत 'बीआरएएफ' या जनुकातला एकच बिघाड सापडला, तेव्हापासून पारडं कॅन्सरकडे झुकलं. पण तो बिघाड त्या पेशींपुरताच असतो, आईबापांकडून आलेला नसतो. तेव्हा आई, गरोदरपणात मी काय खाल्लं नि काय नाही, याची उजळणी आता पुरे.

सहा आठवडे दर आठवड्याला विनब्लास्टिन हे केमोचं औषध शिरेतून, जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तोंडावाटे. मग स्कॅन. उतार पडला तर दर तीन आठवड्यांनी, सगळं मिळून वर्षभर. इंजेक्शनला काही मिनिटंच लागतात, पण सिस्टर आधी नळीत रक्त मागे येतंय का ते बघतात, कारण औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं. हे छोटूने बरोबर हेरलंय. हात ताठ धरून तोच ओरडतो, "आलं लाल!" मगच औषध जातं.

खरा त्रास स्टिरॉइडचा. रात्री दोनला उठून जेवायला मागतो, ताट यायला उशीर झाला की चमचा भिरकावतो. फोटो बघून तू म्हणालीस, छान बाळसं धरलंय. ते बाळसं नाही गं, ती सूज आहे. मी तेव्हा "हो ना" म्हटलं आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाबा, विनब्लास्टिन सदाफुलीतून काढतात. १९५०च्या दशकात कॅनडात तिच्यात मधुमेहावर औषध शोधत होते. साखर काही उतरेना, पण रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. पण सदाफुलीचं औषध म्हणून कोणी तिच्या पाल्याचा काढा सुचवला तर हात जोडा आणि नको म्हणा. औषध मोजून, वजन-उंची बघून देतात.

छोटूच्याही पांढऱ्या पेशी अशाच घटतात. ताप ३८ सेल्सिअसच्या (म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या) वर गेला की रात्र असो, दिवस असो, थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि बाबा, तुमचा खोकला अजून गेला नाही, असं आईच सांगत होती. तो पूर्ण जाईपर्यंत तिकीट काढू नका. रागावा हवं तर. आई ठणठणीत असेल तर ती पुढे येऊ दे.

गुरुवारी अकराला व्हिडिओ कॉल करीन. आजोबांना लाल दाखवायचंय म्हणे.

तुमची,
लेक