प्शेमिशलला गाडी का बदलावी लागते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

युक्रेनच्या बातम्यांत पोलंडमधल्या एका स्टेशनचे नाव वारंवार येते. आपल्या मराठी वृत्तपत्रांत ते कधी ‘प्रझेमिस्ल’, कधी आणखी काही छापले जाते. तिथले लोक त्याला ‘प्शेमिशल’ म्हणतात. बातमीत पुढे ‘सीमेवरील स्थानक’ एवढीच ओळख असते. प्रत्यक्षात सीमा तिथून बारा-तेरा किलोमीटर पुढे, मेडिकाला आहे. मग कीव्हची गाडी सीमा ओलांडून प्शेमिशलपर्यंत येते आणि तिथेच का थांबते? क्राकूव, वॉर्सा गाठायला बहुतेक प्रवाशांना तिथे उतरून दुसरी गाडी का धरावी लागते? हे कोणी सांगत नाही, म्हणून मिरजेच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचे हे पत्र.

कारण आहे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर. पोलंडचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, युक्रेनचे १५२० मिलिमीटरचे. फरक अवघा साडेआठ सेंटीमीटरचा, पण चाक त्यावर चालत नाही. मिरजकरांना हे वेगळे सांगायला नको. एके काळी आमच्या स्टेशनात मीटरगेज आणि बार्शी लाइनची नॅरोगेज शेजारी-शेजारी होती, आणि १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आली. माझे वडील ट्रान्सशिपमेंट शेडमध्ये होते. एका वाघिणीतली पोती हमालांनी पाठीवर घेऊन दुसऱ्या वाघिणीत टाकायची, हे मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहे. प्शेमिशलजवळ झुरावित्सा आणि मेडिकाच्या यार्डांत मालाची अशीच चढउतार होते.

मुळात तिथे हा भेद नव्हता. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आर्चड्यूक कार्ल लुडविग यांच्या नावाच्या रेल्वे कंपनीने क्राकूवकडून येणारा मार्ग १८६० मध्ये प्शेमिशलपर्यंत आणला, आणि पुढच्याच वर्षी तो ल्वूवला, म्हणजे आजच्या ल्विव्हला, पोहोचला. सगळीकडे एकच गेज. १८७२ मध्ये खिरुव्हमार्गे कार्पेथियन डोंगर ओलांडून हंगेरीकडे जाणारी वाटही इथून निघाली. आजची नव-बरोक धाटणीची देखणी इमारत १८९५ च्या पुनर्बांधणीतली. रंगवलेली छते आणि झुंबरे असलेला तिचा हॉल नूतनीकरणानंतर पुन्हा लखलखतो आहे.

मग १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिनने पोलंड वाटून घेतला आणि सान नदी सरहद्द झाली. डावा तीर जर्मनांकडे, स्टेशनसह उजवा तीर सोव्हिएतांकडे. एका गावाची दोन राज्ये झाली. १९४० मध्ये पूर्व पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठवण्यात आले. त्यांतले जे जगले-वाचले, त्यांपैकी काही इराणमार्गे आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तिचा उगम ज्या मुलखात झाला, तो हाच प्शेमिशल-ल्विव्हचा टापू, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. युद्धानंतर सीमा पक्की झाली, पलीकडे सोव्हिएत पद्धतीचे रुंद रूळ झाले आणि ते प्शेमिशलपर्यंत आले.

डिसेंबर २०१६ पासून कीव्हची थेट गाडी याच रुळांवरून येते. त्या गाड्यांसाठी फलाट वेगळे, आणि पासपोर्ट तपासणीही तिथेच.

माझी भाची युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होती. मार्च २०२२ मध्ये ती ल्विव्हहून याच मार्गाने बाहेर पडली. ती सांगते, “मामा, स्टेशन डोळ्यांसमोर दिसत होते, पण आमच्या आधीच्या गाडीतली माणसे तपासणी करून बाहेर पडेपर्यंत आम्हाला उतरू देत नव्हते. डब्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. शेजारच्या बाईचे बाळ मी तीन तास मांडीवर घेऊन बसले.” रुंद रुळांचे फलाट मोजकेच, त्यामुळे गाड्यांची रांग लागणारच, हे मला ऐकताक्षणी कळले. तिला तेव्हा कोण सांगणार? खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्या बाईने तिच्या हातात गरम सूपचा पेला दिला. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती. तिथून झेशूफ विमानतळ, मग दिल्ली, मग मिरज.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्सात कोल्हापूर स्मारकापुढे नतमस्तक झाले आणि नंतर रेल्वेने कीव्हला गेले. आपल्या अंकांत दोन्ही बातम्या होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर.

माझी विनंती एवढीच, की यापुढे नाव ‘प्शेमिशल’ असे छापावे. आणि २०२२ मध्ये तिथून परतलेल्या सांगली-कोल्हापूरच्या मुलामुलींना एकदा बोलते करावे. वळिवड्याच्या पोलिश मुलांच्या आठवणी आपण अगत्याने छापतो, तशाच याही छापाव्यात. भाची लिहायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, मिरज