ब्रूनोचे केस भादरू नका

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, उन्हाळा आला, ब्रूनोला मशीन लावून सफाचट करून टाकू. त्यालाही गार वाटेल आणि घरभर उडणारे केसही थांबतील. मी घाईत नुसतं ‘थांबा’ म्हणून फोन ठेवला. बाबांना तोंडी सांगितलेलं पटत नाही, लेखी लागतं, म्हणून हे पत्र.

गोल्डन रिट्रीव्हरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, जरा राठ केस आणि खाली मऊ, दाट लव. वरचा थर ऊन थेट कातडीवर पडू देत नाही. भादरून तो गारही होणार नाही, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांच्या गाद्यांना येतो, मुख्य भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. शिवाय एकदा भादरलं की आतली लव भराभर वाढते, वरचे केस मागे पडतात आणि या वयात ते पूर्वीसारखे येतीलच असं नाही. केस गळायचे तर थांबतच नाहीत. आखूड होऊन गळतात आणि सोफ्याच्या कापडात घुसून बसतात, ते काढणं आणखी कठीण.

त्याला खरं उकडतं ते आत अडकून राहिलेल्या मेलेल्या लवेमुळे. ती निघाली की केसांतून हवा खेळते. म्हणजे काम कंगव्याचं आहे, मशीनचं नाही.

बाबा ब्रश फिरवतात तो वरवरचा. पाठ चकचकीत दिसते आणि खाली नमदा तयार होत असतो. एका हाताने केस वर उचलून धरायचे, खालची कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून एकेक पदर खाली सोडत बारीक तारांच्या ब्रशने विंचरायचं. ब्रश कातडीवर दाबायचा नाही, तारा टोचतात. शेवटी त्याच जागेवरून धातूचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवायचा. कुठेही न अडकता गेला तर ती जागा झाली. गुंता बहुतेक ठरलेल्या ठिकाणीच होतो: कानांमागे, पुढच्या पायांच्या बगलेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या झालरीत. पाठीवर निम्माच वेळ घाला, उरलेला इथे द्या.

आणि हे सगळं एका बैठकीत करायचं नाही. त्याचेही मागचे पाय आता दुखतात, बाबांची कंबर तर विचारूच नका. तीस किलोचा कुत्रा टेबलावर चढवण्याचा विचार मनातूनही काढा. तो दुपारी आपणहून आडवा होतो तेव्हा खाली न सरकणारी चटई घाला, आईने स्टूलवर बसून एक बाजू करावी, दुसरी उद्या. तो उठून गेला तर जाऊ द्या. धरून बसवलं की पुढच्या वेळी ब्रश दिसताच पलंगाखाली जाईल.

गाठ सापडली तर कात्री लावू नका. गुंत्याबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते, कुठे केस संपतात आणि कुठे कातडी लागते ते डोळ्यांना कळत नाही. थोडा कॉर्नफ्लॉर चोळून बोटांनी सोडवा, टोकाकडून मुळाकडे. नाहीच सुटली तर डॉक्टरांकडे न्या. पंजांच्या गाद्यांमधले केस मात्र आईने बोथट टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीपर्यंत कापावेत, तिचा हात स्थिर आहे. ते वाढले की तो फरशीवर घसरतो, आणि या वयात घसरणं महागात पडतं.

आंघोळ महिना-दोन महिन्यांतून एकदा पुरे, आणि त्याच्या आधी विंचरणं झालंच पाहिजे. गुंता भिजला की आणखी आवळतो. शाम्पू कुत्र्यांचाच. लहान बाळाचा ‘सौम्य’ असला तरी तो आपल्या कातडीसाठी केलेला, त्याची कातडी वेगळी. नंतर नुसतं टॉवेलने पुसून सोडू नका. वरून कोरडा दिसतो, पण आतली लव ओलीच राहते आणि तिथे लाल, चिघळणारे चट्टे उठतात. ड्रायर अगदी कमी उष्णतेवर, आणि तो सतत हलता ठेवायचा. आई, तू पिसवांसाठी टी ट्री तेलाचं म्हणत होतीस, ते नको. कुत्र्यांना ते विषारी असतं आणि हा तर अंग चाटत बसतो.

विंचरताना मोकळा हात केसांखालून फिरवत राहा. गोचीड, खरूज, एखादी नवी गाठ आधी हातालाच लागते. वय झालेल्या गोल्डनला गाठी होणं नवीन नाही. पुष्कळशा नुसत्या चरबीच्या निघतात, पण चाचपून ते ठरवता येत नाही. ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं बाबांनी म्हणू नये, त्याच आठवड्यात दाखवावं.

नखांचं तुम्ही बघू नका. त्याची काळी आहेत, आतली रक्तवाहिनी दिसत नाही. लसीला न्याल तेव्हा डॉक्टरच कापतील.

रविवारी फोन करीन तेव्हा डाव्या कानामागे कंगवा अडकतो का, तेवढं सांगा.

तुमची,
धाकटी