ताई, तुम्ही कागदावर मारलेल्या त्या एका रेघेबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

यंदा हायस्कूल संपवणाऱ्या मुलांच्या आम्हा न्यू जर्सीतल्या मराठी पालकांचं हे पत्र. तुमच्या हाती गुपचूप देण्याऐवजी सगळ्यांसमोर लिहितो आहोत. मराठी शाळा सुटल्यावर रविवारी तुम्ही जे शिकवलंत, ते पुढच्या वर्षीच्या पालकांनाही वाचता यावं, एवढाच हेतू. आठवडाभर हायस्कूलमध्ये काउन्सेलर म्हणून तुम्ही हेच काम करता, आणि उरलेली सुट्टी आम्हाला दिलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

बारावीची गुणपत्रिका, कट-ऑफची यादी आणि प्रवेशाच्या फेऱ्या, एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांच्यासाठी इथली पद्धत म्हणजे दार कुठे आहे हेच न दिसणारं घर. पहिल्याच बैठकीत तुम्ही कागदावर मधोमध रेघ मारलीत. डावीकडे मुलांची कामं, उजवीकडे आपली. निबंध, शिक्षकांकडे शिफारसपत्राची विनंती, कॉलेजला ईमेल, मुलाखत, प्रॉमला, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या मोठ्या नाच-समारंभाला, कोणाबरोबर जायचं, हे सगळं डावीकडे गेलं. पैसा, कराचे कागद, नावांचे दाखले, गाडी आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहील असं जेवण उजवीकडे. आईवडिलांनी निबंध लिहायला घेतला आणि पैशाचं बोलणं मुलावर सोडलं, की घरात भांडण ठरलेलं, असं तुम्ही म्हणालात. त्या रेघेसाठी हे पत्र आहे.

उजव्या बाजूचं पहिलं काम तुम्ही नावांचं सांगितलंत, आणि आपल्या लोकांसाठी ते किती महत्त्वाचं आहे हे इतर कुठल्याही मार्गदर्शकात सापडत नाही. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं. भारतीय पासपोर्टवर ही दोन्ही नावं बहुतेक वेळा एकाच रकान्यात बसतात. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाच्या, कार्डावर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. शाळेच्या दप्तरी निराळंच. आईचं लग्नानंतरचं आडनाव कराच्या विवरणपत्रावर, माहेरचं पासपोर्टवर. मग एसएटीच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, दिवशी प्रवेशपत्र आणि ओळखपत्र जुळत नाही, किंवा फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, पडताळणीत अडकतो. अकरावीच्या सुरुवातीला सगळी कार्डं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि स्पेलिंग अक्षर अन् अक्षर ताडून पाहा, हा तुमचा सल्ला. बदल करायचा असेल तर तेव्हा वेळ असतो. बारावीच्या ऑक्टोबरात नसतो.

फॅफ्साचं तंत्रही तुम्हीच उलगडलंत. मुलाचं एक खातं, पालकाचं दुसरं, आणि प्रत्येकाचा ईमेल वेगळा. पडताळणीत अडचण आली तर वेळ हाताशी राहावा, म्हणून खाती अर्जाच्या आधीच उघडून ठेवायची. अर्ज मुलानं सुरू करायचा आणि पालकाला निमंत्रण पाठवायचं. पूर्वी त्या निमंत्रणात पालकाचं नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक पालकाच्या खात्यावर आहे तसाच लागायचा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी निमंत्रण जोडलं जात नसे; २०२६-२७च्या अर्जापासून निमंत्रणाला पालकाचा ईमेल पुरतो. नवराबायकोंनी कर एकत्र भरला असेल तर दोघांपैकी एकाचं खातं पुरतं. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आईकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला, तरी तिला खातं उघडता येतं. कराची माहिती थेट आयआरएसकडून, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडून, घेण्याची संमती द्यावीच लागते, नाहीतर मूल केंद्र सरकारच्या मदतीला अपात्र ठरतं. संमतीच्या त्या खुणेपाशी अनेक जण बिचकून थांबतात, हे तुम्हाला अनुभवानं ठाऊक होतं.

व्हिसाबद्दल तुम्ही जितकं स्पष्ट बोललात, तितकं क्वचितच कोणी बोलतं. मूल इथे जन्मलेलं, म्हणजे अमेरिकन नागरिक असेल, तर आईवडील एच-१बीवर असूनही ते फॅफ्सा भरू शकतं. मूल स्वतः एच-४वर असेल तर केंद्राची मदत नाही, आणि एकविसाव्या वाढदिवसाला तो व्हिसा संपतो. म्हणून अशा घरानं कॉलेजांची यादी करण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. या राज्यात आपल्या मुलाला रहिवाशांची फी लागते का? आणि हे कॉलेज मदतीसाठी आपल्या मुलाला परदेशी विद्यार्थ्यांत मोजतं का? उत्तर कॉलेजकडून ईमेलवर लेखी घ्यायचं. फोनवर मिळालेलं तोंडी उत्तर ऐन वेळी कामी येत नाही.

मग पैसा. फॅफ्सा दोन वर्षं मागची कमाई बघतो. २०२७च्या शरद ऋतूत कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी २०२५चं करवर्ष धरलं जातं, म्हणजे त्याच्या दहावीच्या मध्यापासून अकरावीच्या मध्यापर्यंतचा काळ. त्या वर्षी पुण्यातला फ्लॅट विकला, तर झालेला नफा उत्पन्नात दिसतो. शिवाय रक्कम बँकेत पडून राहिली तर अर्जाच्या दिवशी मालमत्तेतही. राहतं घर फॅफ्सात धरत नाहीत, पण भाड्यानं दिलेला किंवा कुलूप लावून ठेवलेला भारतातला फ्लॅट गुंतवणूक म्हणून दाखवावा लागतो, आणि तिकडच्या मुदत ठेवीही. लपवायचं काहीच नाही, फक्त विक्रीची वेळ ठरवताना हे माहीत हवं. मुलाच्या नावावर ठेवलेल्या पैशातले वीस टक्के दरवर्षी खर्चायला उपलब्ध आहेत असं सूत्र मानतं. आईवडिलांच्या नावावरच्या पैशावर तोच आकडा फार तर ५.६४ टक्के. आजीआजोबांनी प्रेमानं नातवाच्या नावावर ठेवलेली रक्कम मदतीत कशी आडवी येते, हे त्या एका तुलनेतून कळलं. बरीच खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीचा आणखी एक सविस्तर अर्ज, मागतात, त्यात राहत्या घराचेही प्रश्न असतात.

कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला पडणाऱ्या खर्चाचा अंदाज देणारं साधन, असतो, कायद्यानं ठेवावाच लागतो. मुलानं यादी दाखवली की त्याच संध्याकाळी प्रत्येक कॉलेजचा आकडा काढा आणि तो मुलाला दाखवा, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. "आपण दरवर्षी एवढे देऊ शकतो" हे वाक्य अकरावीच्या उन्हाळ्यात घरात उच्चारलं जावं. एप्रिलमध्ये, मुलाच्या हातात प्रवेशाचं पत्र असताना, ते वाक्य ऐकणं फार जड जातं. अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला बांधून घेणाऱ्या लवकरच्या अर्जाचा, करार मूल, पालक आणि शाळेचा काउन्सेलर असे तिघं सही करून देतात, प्रवेश मिळाला की इतर अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत खरोखर अपुरी पडली तर सुटका मिळते, पण दुसऱ्या कॉलेजच्या देकाराशी तुलना करायची संधी गेलेली असते. आकडा न काढता सही करू नका, इतकंच तुम्ही म्हणालात, आणि तेवढं पुरेसं होतं.

काउंटी कॉलेजबद्दल, म्हणजे जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजबद्दल, तुम्ही बोललात तेव्हा खोलीत शांतता पसरली होती. आपल्या समाजात तो शब्द कमीपणाचा मानतात, आणि हे चुकीचं आहे असं आम्हालाही आता ठामपणे वाटतं. न्यू जर्सीत वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांतल्या पात्र विद्यार्थ्यांना एनजे स्टार्स योजनेत काउंटी कॉलेजचं शिक्षण शुल्क मिळतं, आणि तिथली दोन वर्षांची पदवी पूर्ण करून राज्याच्या चार वर्षांच्या विद्यापीठात गेलं तर क्रेडिट्स सोबत नेता यावीत असा राज्यव्यापी करार आहे. हे सांगायला धैर्य लागतं. तुम्ही ते दाखवलंत.

डाव्या बाजूबद्दल थोडंच लिहितो, ती बाजू मुलांची. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र करायचा ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं, निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, उपक्रम दहा, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. शिफारसपत्र अकरावीच्या मे महिन्यात मागायचं, कारण उन्हाळ्यानंतर शिक्षकांकडे रांग लागते. निबंध वाचायला मिळाला तर पालकांनी फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठे कंटाळा आला, आणि कुठे हा आपलाच मुलगा किंवा आपलीच मुलगी वाटली. कॅम्पस बघायला गेलं तर प्रश्न मुलानं विचारायचे, आपण दहा पावलं मागे चालायचं. दिवसाला दोनपेक्षा जास्त कॉलेजं बघितली तर घरी आल्यावर कुठलं ग्रंथालय कुठलं होतं तेही आठवत नाही.

आणि मग तो वसंत. मार्चअखेर नकार येतात. त्याच दिवसांत शाळेत प्रॉमची निमंत्रणं सुरू होतात, फलक, फुलं, फोटो. एकाच पंधरवड्यात मुलाला कॉलेजकडूनही नाही आणि प्रॉमलाही नाही असं ऐकावं लागू शकतं, आणि सतरा वर्षांच्या मनाला त्यातलं लहान कुठलं, मोठं कुठलं हे वेगळं करता येत नाही. "चार वर्षांनी काही आठवणार नाही" हे वाक्य त्या आठवड्यात उच्चारू नका, असं तुम्ही सांगितलंत. पुण्याच्या, नाशिकच्या आजीचा "कुठे लागला नंबर?" असा फोन येतोच. त्याचं उत्तर मुलाला विचारून ठरवा, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर बातमी मुलाआधी टाकू नका. साधी गोष्ट, पण किती घरांत ती जपली गेली असती तर बरं झालं असतं.

१ मेपर्यंत एका कॉलेजला होकार आणि अनामत. प्रतीक्षा यादीवर नाव असलं तरी दुसरीकडे जागा पक्की करायची. दोन ठिकाणी होकार द्यायचा नाही, तो दुसऱ्या एखाद्या मुलाच्या जागेवर बसतो. त्याच्या पाठोपाठ मेचे पहिले दोन आठवडे एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या, परीक्षा, आणि प्रॉमची तयारीही त्याच दिवसांत. शेवटची गुणपत्रिका कॉलेजला जाते, प्रवेश त्या अटीवरच असतो.

प्रॉमसाठी तुम्ही केलेली टिपणं आम्ही फ्रिजवर लावली. तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. शाळेचा दंड किंवा उरलेली शिक्षा असेल तर अनेक शाळा तिकीट देत नाहीत, म्हणून ग्रंथालयाची पुस्तकं आधी परत करा. जोडीदार दुसऱ्या शाळेचा असेल तर पाहुण्याचा अर्ज लागतो. त्यावर त्याच्याही शाळेची सही हवी असते आणि त्याला आठवडे लागतात. लेहंगा किंवा साडीचा ब्लाउज भारतातून शिवून आणायचा तर मापं डिसेंबरात, कापड जानेवारीत, कारण नंतर लग्नसराईत शिंप्याला उसंत नसते. दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला सांगा, मुली तीन महिन्यांत बदलतात. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे, तो खर्च आधी विचारून घ्या. मनगटावरचा कॉर्साज, म्हणजे फुलांचा छोटा गुच्छ, आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवायचा, पण पिकलेल्या आंब्यांशेजारी नाही, फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं फुलं रात्रीत माना टाकतात. मे महिन्यात मराठी घराच्या फ्रिजमध्ये आंबे असणारच, हे ओळखून सांगितलेला सल्ला होता तो.

सर्वांत जास्त आभार गाडीबद्दलच्या त्या अर्ध्या तासाचे. न्यू जर्सीत एकवीस वर्षांखालच्या प्रोबेशनरी (पक्क्या लायसन्सआधीच्या, अटींच्या) लायसन्सधारकाला रात्री ११:०१ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही, आणि सोबत आईवडील नसतील तर चालवणाऱ्याच्या स्वतःच्या मुलाबाळांखेरीज एकच प्रवासी नेता येतो. प्रॉम साधारण अकराच्या सुमाराला संपतो. म्हणजे चार मित्रांना घेऊन घरी येणारा सतरा वर्षांचा मुलगा दारातून निघतानाच दोन नियम मोडतो. म्हणून परतीची गाडी आधी ठरवायची: कोणते पालक, कुठल्या दारापाशी, किती वाजता. भाड्याची लिमोझिन असेल तर करारात किमान तास, टिप आणि उशिराचा दर वाचायचा, आणि चालकाचा नंबर एका पालकाच्या फोनमध्ये ठेवायचा. प्रॉमनंतर कोणाच्या घरी जमणार असतील तर तिथल्या पालकांना स्वतः फोन करायचा. दारूची वयोमर्यादा इथे एकवीस आहे, आणि दुसऱ्यांच्या अल्पवयीन मुलांना घरात दारू देणाऱ्या मोठ्या माणसावर राज्यात गुन्हा नोंदवता येतो. व्हिसावरच्या मुलाला अटक झाली तर पुढच्या कागदपत्रांवर त्याची सावली पडू शकते. हे तुम्ही घाबरवायला सांगितलं नाहीत. सोबत घरोघरी एक करार सुचवलात: मुलानं कधीही, कुठूनही "न्यायला या" म्हटलं तर त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, जेवून झाल्यावर.

यंदा दहावी संपवणाऱ्या मुलांच्या पालकांची नावं आम्ही गोळा केली आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मराठी शाळेचा मोठा वर्ग मागून ठेवला आहे. खुर्च्या, चहा आणि छापील कागद आमच्याकडे. नावांच्या पडताळणीचं टेबल आम्ही चालवू, फॅफ्साचं खातं उघडून दाखवायला आमच्यातले तिघं बसतील. तुम्ही फक्त या, आणि कागदावर ती रेघ मारा.

तुमचे कृतज्ञ,
मराठी शाळेतले बारावीचे पालक
न्यू जर्सी