कापूस वेचणाऱ्या बोटांचे ठसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्याच खानदेशात वेचणीच्या दिवसांत रेशन दुकानापुढे बायामाणसं चार-चार वेळा अंगठा लावतात आणि यंत्रावर ३०० हा आकडा येतो. ३०० म्हणजे ठसा नोंदीशी जुळला नाही, इतकंच. कार्ड बंद झालं किंवा नाव कमी झालं, असा त्याचा अर्थ नाही. तरीही तसं सांगून माणसांना परत पाठवणं हा सरळ अन्याय आहे.

ठसा का जुळत नाही, हे समजायला अवघड नाही. काचेवर बोट टेकतं तेव्हा कातडीवरच्या उंच रेषा काचेला भिडतात आणि यंत्र त्याच वाचतं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना रोज ओरबाडतात, केळीचा चीक कातडीवर थर धरतो, युरियाने कातडी कोरडी पडते, वर डिसेंबरची थंडी. रेषा झिजल्या किंवा चिरल्या की यंत्राला अर्धवट चित्र मिळतं. ओल्या बोटाचंही तेच होतं, कारण रेषांमधल्या खाचा पाण्याने भरतात. यंत्र दुकानाच्या ओट्यावर थेट उन्हात ठेवलं असेल किंवा काच धुळीने माखली असेल, तर चांगलं बोटही नापास होतं.

उपाय घरातलेच आहेत. आदल्या रात्री साबणाने हात धुऊन बोटांना खोबरेल चोळावं, सकाळी पुन्हा धुऊन कोरडे पुसावेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सर्वांत जास्त झिजतं, म्हणून मधलं किंवा अनामिका लावून पाहावी. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. बोटाचं टोक नव्हे, मधला फुगीर भाग सपाट टेकवून दोन-तीन सेकंद स्थिर ठेवावा. दुकानदाराने काच कोरड्या मऊ फडक्याने पुसावी.

एक चूक फार होते. ठसा लागेना म्हणून लोक ऐन वेचणीत आधार केंद्रावर जाऊन ठसे अपडेट करतात. चिरलेल्या बोटांचे ठसे नोंदवले, तर पुढे बरी झालेली बोटंही अडू शकतात. वेचणी संपल्यावर महिना-दीड महिना थांबावं, कातडी भरून आली की जावं, आणि त्याच फेरीत मोबाईल नंबर जोडून घ्यावा.

रेशनसाठी कार्डावरच्या कुणाही सदस्याचा ठसा चालतो. तोही लागला नाही तर बुबुळ, मोबाईलवरचा ओटीपी, आणि तेही जमलं नाही तर दुसरं ओळखपत्र दाखवून वहीत नोंद, हे मार्ग केंद्राच्या २०१७ च्या सूचनांमध्येच आहेत. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ थांबू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालातही आलं आहे. अंत्योदय कार्डाचं महिन्याचं ३५ किलो धान्य एका बोटावर अडवणं कुठल्याच नियमात बसत नाही. पुरवठा विभागाने हे मार्ग प्रत्येक दुकानाच्या फलकावर मराठीत, आणि सातपुड्याच्या गावांत पावरी-भिलीतही लिहावेत, ही आमची मागणी आहे.

अंगठ्यावर बँकेचे पैसे काढताना धोका वेगळा आहे. “ठसा लागला नाही, परत लावा” असं सांगितलं जातं, पण पहिल्याच वेळी पैसे निघालेले असू शकतात. कधी “शिल्लक बघतो” म्हणून ठसा घेऊन रक्कम काढली जाते. बोट ठेवण्याआधी पडद्यावरचा आकडा वाचावा, वाचता येत नसेल तर सोबत कुणाला न्यावं. प्रत्येक वेळी, व्यवहार फसला तरी, पावती मागावी. तिच्यावर आरआरएन हा १२ अंकी क्रमांक असतो, तक्रारीत तोच लागतो. खात्यातून रक्कम वजा झाली पण हातात आली नाही, तर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. रक्कम चोरीलाच गेली असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा आणि तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेत लेखी तक्रार द्यावी.

ज्यांना रोज अंगठा लावायची गरज पडत नाही, त्यांनी आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक (ठसे आणि बुबुळ) लॉक करून ठेवावं. गरजेच्या वेळी ते तात्पुरतं, दहा मिनिटांसाठी, उघडता येतं. मात्र लॉक असताना रेशनच्या यंत्रावर ३३० येतं, ही बाब घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. नाहीतर म्हातारी आई दुकानातून रिकाम्या पिशवीने परत येते आणि मुलगा सुरतेला कामावर असतो, मोबाईल त्याच्याच खिशात. धडगाव, अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर रेंजच नाही, तिथे लॉक आणि ओटीपी दोन्ही निरुपयोगी आहेत. तिथल्या दुकानांना वहीवर नोंद करून धान्य देण्याचे लेखी आदेश महिना सुरू होण्याआधीच द्यावेत.

आपले,
काही वाचक, शहादा (जि. नंदुरबार)