किनाऱ्याचा धोका सरासरीत मावत नाही

महोदय,

हवामानबदलाची चर्चा आपल्याकडे बहुधा देशाच्या सरासरीवर येऊन थांबते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले आणि 1951 ते 2015 या काळात मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. हे आकडे महत्त्वाचे आहेत, पण रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीची (पोफळ म्हणजे सुपारीचे झाड) वाडी राखणाऱ्याला त्यांतून आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते कळत नाही. आमच्या कामाचा आकडा त्याच अहवालात आहे: 1951 ते 2015 याच काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे 1 अंशाने तापला, जगातील समुद्रांच्या सरासरीपेक्षा अधिक.

वादळे बंगालच्या उपसागराची, आपला समुद्र त्या मानाने शांत, असे मानतच आमच्या पिढीने वाड्या वाढवल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1982 ते 2019 या काळातील नोंदी तपासून 2021 मध्ये दाखवून दिले, की या काळाच्या उत्तरार्धात अरबी समुद्रातील चक्रीवादळे 52 टक्क्यांनी आणि त्यांतील अतितीव्र वादळे 150 टक्क्यांनी वाढली आहेत. समुद्राचे पाणी जितके ऊबदार, तितकी वादळाला मिळणारी वाफ अधिक, असे त्यामागचे सरळ कारण आहे.

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. आमच्या वाडीतील निम्म्याहून अधिक पोफळी काही तासांत मोडल्या किंवा मुळासकट उपटल्या गेल्या, घराची कौले उडाली आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. वार्षिक पीक घेणाऱ्या शेतकऱ्याचा एक हंगाम बुडतो, आमचे तसे नसते. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. शिवाय तिचे कोवळे रोप उघड्या उन्हात करपते, त्याला माडांची सावली लागते. जिथे माडही पडले, तिथे आधी सावली उभी करायची आणि मग पोफळ लावायची, असा हा दुहेरी काळ आहे. नुकसानभरपाई मात्र आधी हेक्टरी हिशेबाने जाहीर झाली. काही गुंठ्यांत माड, पोफळ, जायफळ आणि मिरवेल एकाच्या आधाराने एक वाढवणाऱ्या वाडीला तो हिशेब लागूच होत नाही. पुढे मागणी झाल्यावर झाडामागे मदत ठरली, ती सुपारीला 50 रुपये आणि नारळाला 250 रुपये. एक पोफळ किती वर्षे घर चालवते, हे ज्याला माहीत आहे त्याने हा दर ठरवला असेल, असे मला वाटत नाही.

त्यानंतर वर्ष पुरे होण्याआधी, मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर गेले आणि जुलैमध्ये डोंगराकडचे पाणी आले. 22 जुलैला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. तिथेच उगम पावणाऱ्या सावित्रीने महाड बुडवले, त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावात दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. हीच सावित्री आमच्या हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. उधाणाची भरती आणि वरून येणारा लोंढा एका वेळी आले, की खाडीकाठी पाण्याला वाट उरत नाही. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला सुमारे 3.3 मिलिमीटरने वाढली आहे. भरतीचे पाणी अडवून पिकाखाली आणलेल्या खारजमिनीचे बांध जुन्या उधाणांच्या मापाने घातलेले आहेत, आणि एकदा बांध फुटून खारे पाणी शेतात बसले, की त्या जमिनीत पुन्हा भात पिकायला काही पावसाळे जावे लागतात.

ओडिशाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 1999 च्या महावादळात तिथे सुमारे 10 हजार माणसे दगावली. 2019 च्या ‘फनी’त बळींची संख्या शंभराच्या आत राहिली, कारण मधल्या वीस वर्षांत निवारे बांधले गेले, इशारा शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था झाली आणि लाखो लोकांना वेळेत हलवण्याचा सराव झाला. पश्चिम किनाऱ्यावर हे काम उशिरा हाती घेतले गेले. ते वेगाने व्हावे, आणि त्यात माणसांइतकाच त्यांच्या निर्वाहाचाही विचार व्हावा.

म्हणून शासनाला माझी विनंती आहे, की कोकणासाठी भरपाईचा निकष झाडाचे वय आणि ते पुन्हा फळाला येईपर्यंतची वर्षे धरून नव्याने ठरवावा. माड व पोफळीची खात्रीची रोपे तालुक्यातच मिळतील अशा रोपवाटिका उभ्या कराव्यात. किनाऱ्यालगतच्या गावांतील वीजवाहिन्या भूमिगत कराव्यात. आणि खारबंधाऱ्यांची पाहणी दरवर्षी मे महिन्यापूर्वी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन करावी. कुठला बांध कुठे खचला आहे, हे त्यांना नकाशाशिवाय सांगता येते.

आपला,
एक बागायतदार
ता. श्रीवर्धन, जि. रायगड