पुस्तक उघडून हात काढून घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

प्रवासाहून येऊन चार दिवस झाले, बॅगा अजून अर्ध्या भरलेल्याच आहेत. पण हे पत्र आधी लिहायला घेतलं, कारण आज सकाळीही आई तुमच्याकडचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

तुमच्या दुकानात आले तेव्हा मी वैतागलेली होते. त्याआधी दोन दुकानं फिरून झाली होती. एका मोठ्या दुकानात म्हटलं, आईला प्रवासात वाचायला काहीतरी हवंय. ‘पुस्तकाचं नाव सांगा,’ एवढंच उत्तर. नाव माहीत असतं तर विचारलं कशाला असतं? दुसरीकडे मोबाइलमधून मान वर न करता सगळ्यात जास्त खपणारा साडेपाचशे पानी ठोकळा पुढे सरकवला गेला. कुणासाठी हवंय, एका शब्दाने विचारलं नाही. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. संधिवाताने बोटं आखडल्यापासून आईचं वाचन सुटत चाललं होतं, आणि निदान या प्रवासात तरी ते परत सुरू व्हावं म्हणून माझी सगळी धडपड होती.

तुम्ही विचारलंत, ‘वाचणार कोण? कुठे बसून?’

मी आईच्या बोटांचं सांगितलं. तुम्ही काही न बोलता पाच-सहा पुस्तकं काढलीत, एकेक मधोमध उघडून काउंटरवर ठेवलंत आणि हात काढून घेतलात. पहिलं पटकन मिटलं. दुसरंही. तिसरं जरा रेंगाळलं आणि मिटलं. चौथं मात्र तसंच उघडं राहिलं. वर पंखा फिरत होता, तरी पान नुसतं थरथरलं. ‘हे न्या. हे धरून बसावं लागणार नाही.’

काका, माझ्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं. आईच्या दुखण्याबद्दल सल्ले देणारे खूप भेटले. तिच्या हाताने पुस्तक धरून बघणारे तुम्ही पहिले.

मग पानांच्या घडीतला दोरा दाखवलात. मोठा कागद तीनदा दुमडला की १६ पानांचा फॉर्मा होतो. असे फॉर्मे शिवून बांधलेलं पुस्तक सपाट उघडतं, आणि नुसत्या चिकटवलेल्या सुट्या पानांचं सारखं मिटायला बघतं, जोर केला की पानं हातात येतात. इतकी वर्षं वाचतेय, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी स्वतःसाठी उचललेली प्रवास-मार्गदर्शिका तर तुम्ही परत फळीवर ठेवायला लावलीत. मुखपृष्ठ कोरं करकरीत, आत मात्र आवृत्ती जुनीच आणि खाली पुनर्मुद्रणांची रांग. म्हणजे तोच जुना मजकूर पुन्हा छापलेला. त्याऐवजी घडीचा नकाशा दिलात, १:५०,००० चा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. आम्ही रोज सकाळी तो पलंगावर पसरून आईला किती चालवेल ते मोजायचो. स्वतःचा गल्ला कमी करून गिऱ्हाइकाला खरं सांगणारी माणसं आहेत, आणि ती गाजावाजा न करता आपलं काम करत असतात, म्हणून हे चारचौघांत लिहावंसं वाटलं.

गाडीत आईने पुस्तक मांडीवर उघडलं आणि दोन्ही हात शालीत घेतले. पान उलटायला तेवढा एक हात बाहेर यायचा. एकदा दिवे मालवायची वेळ झाली तर म्हणाली, ‘थांब गं, एवढं प्रकरण होऊ दे.’ ही वाक्यं मी लहानपणी रोज ऐकायचे. मधली तीन वर्षं ऐकली नव्हती.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः येणार आहे. दुसरं पुस्तक हवंय तिला. नाव काही सांगता येणार नाही. असंच उघडं राहणारं दोन-चार काढून ठेवाल का?

तुमची,
नकाशावाली मुलगी