फातोर्ड्याला निघण्याआधी

कोल्हापूर
12 ऑक्टोबर 2025

प्रिय सम्या,

गुरुवारी रात्रीचा तुझा मेसेज परत परत वाचला. सिंगापूरला आशिया कप पात्रतेची भारत-सिंगापूर मॅच 1-1 सुटल्यावर नॅशनल स्टेडियममधून बाहेर पडून ट्रेनमध्ये बसल्या बसल्या लिहिलायस आणि रागात लिहिलायस ते कळतंय, पण शेवटी जे लिहिलंस ना, की ह्या पोरांना देशाच्या शर्टाची किंमतच राहिली नाही, ते मला पटलं नाही रे. मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे पत्र.

वैताग मलापण आलाय. हाफटाइमच्या तोंडावर त्यांच्या इखसान फांदीचा गोल, दुसरा हाफ सुरू होतोय न होतोय तोवर आपला डिफेंडर झिंगन दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर, मला वाटलं आता दोन-तीन खातोय आपण. पण पुढचा जवळजवळ पूर्ण हाफ दहा जणांनी काढला आणि 90 व्या मिनिटाला त्यांच्या डिफेंडरची चूक झाली तिथं आपला रहीम अली गोल मारायला हजर होता. तो तिथं का होता? कारण तो शेवटपर्यंत पळत होता. किंमत नसलेला माणूस परदेशात, दहा जणांत, 0-1 ने मागे असताना असल्या बॉलच्या मागं धावत नाही. तू तर स्टँडमध्ये होतास, माझ्यापेक्षा जवळून बघितलंस की!

शिलाँगबद्दल बोललास तर मान्य. मार्चमध्ये बांगलादेशबरोबर 0-0, पहिल्याच मिनिटाला आपल्या गोलकीपरने बॉल त्यांच्या पायात दिला आणि नंतर नव्वद मिनिटं सगळे झोपेतून उठल्यासारखे. तेव्हाचा कोच मनोलो मॅचनंतर किती भडकला होता आठवतं ना? ती मॅच मलापण माफ करता येत नाही. घरचं मैदान, समोर रँकिंगमध्ये कितीतरी खालची टीम. आज आपण गटात तीन मॅचमध्ये दोन पॉइंटवर बसलोय त्याचं मूळ शिलाँगला आहे, हाँगकाँगने 94 व्या मिनिटाच्या पेनल्टीवर आपल्याला हरवलं ती नंतरची गोष्ट.

पण त्याला मी किंमत नसणं म्हणणार नाही, मी भीती म्हणेन. नीट बघ, आपला पोरगा बॉल घेतो, समोर जागा असते, तरी तो मागे पास देतो. चूक झाली तर ती आपल्या नावावर नको. हे का होतं ह्याचा मी लई विचार केलाय आणि मला उत्तर क्लबमध्ये दिसतं. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या मुख्य लीगमध्ये, क्लबचे चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात, आणि ते चार कुठं खेळतात? सेंटर-फॉरवर्ड, त्याच्या मागचा प्लेमेकर, डिफेन्सचा मुख्य माणूस. म्हणजे जिथं निर्णय घ्यायचा, मॅच जिंकून द्यायची, त्या जागा त्यांच्या, आणि आपल्या पोरानं कडेनं पळायचं, मागे धावत येऊन बचाव करायचा, बॉल परदेशी माणसाला द्यायचा. वर्षभर हेच करणाऱ्याला एका मंगळवारी निळा शर्ट घालून सांगायचं की आता तू गोल कर. कसा करेल? 2017 च्या अंडर-17 वर्ल्डकपला आपला अनिकेत जाधव पुढच्या फळीत होता, शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत वाढलेल्या आपल्या सगळ्यांना किती अभिमान वाटला होता, पण त्या पूर्ण बॅचमधून सीनियर टीमला एक हक्काचा नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा सेंटर-फॉरवर्ड, मिळाला नाही. पोरं वाईट होती म्हणून नाही, त्या जागेवर त्यांना कुणी ठेवलंच नाही.

म्हणूनच 40 वर्षांचा सुनील छेत्री रिटायर होऊनही मार्चमध्ये टीममध्ये परत आला. जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्याचा निरोप झाला, आपण दोघं फोनवर किती वेळ गप्प होतो तेव्हा. 2024 च्या अख्ख्या वर्षात 11 मॅच आणि एकही विजय नाही, आणि गेल्या आयएसएलमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल, 14, ह्याचेच. मग कोच काय करणार? त्याला बोलावल्याबद्दल मी कुणालाच दोष देत नाही. आत्ताचा कोच खालिद जमीलने काफा कपला, म्हणजे मध्य आशियातल्या स्पर्धेला, त्याला बाहेर ठेवून बघितलं, ताजिकिस्तानला हरवलं, ओमानला शूटआऊटमध्ये हरवून तिसरे आलो, आणि तरी ऑक्टोबरसाठी त्याला घ्यावंच लागलं.

खालिदवर माझा जीव आहे हे तुला माहितीये. 2017 ला ऐझॉलच्या छोट्या क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली त्या माणसाने, जी टीम आदल्या वर्षी रेलिगेट होऊन खालच्या लीगमध्ये गेली होती आणि गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून परत आत आली! तो नाव बघून टीम निवडत नाही. डिफेंडर उवैसला त्यानं ताजिकिस्तानविरुद्ध पदार्पण दिलं आणि त्याच मॅचला उवैसच्या लांब थ्रोवरून अन्वर अलीचा गोल आला. असली निवड मला आवडते, हा पोरगा एक गोष्ट चांगली करतो ना, मग ती एक गोष्ट वापरू. आणि बिचाऱ्याला काय परिस्थितीत काम करावं लागतंय बघ, फिफा विंडो, म्हणजे क्लबना खेळाडू सोडावेच लागतात तो काळ, नाही म्हणून मोहन बागानने काफाला खेळाडू सोडले नाहीत, आयएसएल जुलैपासून लटकलीये, सीझन कधी चालू होणार कुणाला माहीत नाही, काही क्लबनी पगार थांबवले. एप्रिलनंतर नियमित लीग मॅच न खेळलेल्या पोरांकडून आपण 90 मिनिटं प्रेसिंग मागतोय. शर्टाची किंमत विचारायची तर आधी फेडरेशनला विचार भावा, खेळाडू तर कॅम्पला आले.

आता मंगळवारचं, गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरबरोबर परत मॅच. झिंगन सस्पेंड, आणि तेही त्याच्या स्वतःच्या क्लबच्या, एफसी गोवाच्या, मैदानावर, ह्याचं मला फार वाईट वाटतंय कारण फातोर्ड्याला तो असता तर आवाज वेगळाच असता. माझं मत स्पष्ट आहे, रहीम सुरुवातीपासून, छेत्री बेंचवर, शेवटच्या अर्ध्या तासाला. छेत्रीचा अपमान नाही ह्यात. सिंगापूरचे डिफेंडर थकलेले असताना बॉक्समध्ये त्याचं डोकं जे करेल ते पहिल्या मिनिटापासून धावून होणार नाही. आणि विंगर लिस्टन कुलासोला डावीकडे मोकळं सोडा, घरचं मैदान आहे त्याचं, तिथं त्यानं बॉल हरवला तर हरवू दे, पुढच्या वेळी परत माणसावर जाऊ दे. खालिद बहुतेक असं करणार नाही, तो आधी मागचं घट्ट करेल. पण गटात हाँगकाँग 7 पॉइंट, सिंगापूर 5, आपण 2, आणि 2027 च्या आशिया कपला गटातून एकच टीम जाणार. सांभाळून खेळायला आता उरलंय काय?

आम्ही मंगळवारी पहाटे निघतोय, आंबोलीवरून. तिकिटं झाली. तू तिकडे टीव्हीवर बघ आणि ह्या वेळी पहिल्या मिसपासला शिव्या घालू नकोस, पुढे खेळायचा प्रयत्न होता का मागे, तेवढं बघ आणि मला लिही. तुझं मत बदललं नाही तरी लिही.

दिवाळीला येतोयस का ते अजून सांगितलं नाहीस. काकू विचारत होत्या.

तुझा,
पक्या